दोनशे केबिनींची वही

१

मेणकापडाची गाठ सुटली, घडी उलगडली आणि दाक्षायणीबाईंचा हात तसाच राहिला.

"अप्पा, हे काय आणलंत?"

समोरच्या बाकावर बसलेल्या सिद्धलिंगप्पांनी मान पुढे काढली. मेणकापडात गेल्या सालचं कानडी पंचांग होतं. वहीच्याच आकाराचं, जवळजवळ तेवढंच जाड. वही मात्र नव्हती.

कुणीतरी थट्टा केली असावी, तसं म्हातारा आधी हसला. मग त्याने पंचांग उलटंपालटं करून पाहिलं, मेणकापड झटकलं, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"बाई, मी घरून निघालो तेव्हा हे पुडकं फडताळातनं उचललं, ते थेट इथं. वाटेत कुठं थांबलो नाही."

सिद्धलिंगप्पा आळंगे सव्वीस वर्षं आगबोटींवर होते. प्रवाशांच्या केबिनींची निगा राखणारा स्टुअर्ड म्हणून शुक्रवार पेठेत त्यांना मान होता. गल्लीतल्या कुणी मुंबईचा समुद्र पाहिला तरी त्याचं कौतुक व्हायचं, आणि अप्पांनी तर तीन कंपन्यांच्या तीन बोटींवर नोकऱ्या केल्या होत्या. नीलध्वज कंपनीची 'सिंधुकन्या', पूर्वतारा कंपनीची 'मलबार स्टार' आणि केरन कंपनीची 'लेडी केरन'. तिन्ही बोटींतल्या दोनशेवर केबिनींची नंबरवार टिपणं त्यांनी एका वहीत लिहून ठेवली होती.

त्या वहीला आता भलताच भाव आला होता. एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या डिसेंबरात सोलापूरची एकतीस माणसं बोटीच्या सहलीला निघणार होती. मुंबई, गोवा, कोचीन आणि परत, आठ दिवस. तिन्ही कंपन्या न्यायला तयार होत्या. बोटी त्याच जुन्या, रंग तेवढा नवा. कुठल्या बोटीनं जायचं हे दुसऱ्या दिवशी, रविवारी, चार वाजता शाळेच्या हॉलात ठरायचं होतं, आणि त्याआधी अप्पा आपली वही वाचून दाखवणार होते. तिचं छोटं पुस्तकही याच छापखान्यात निघत होतं. पहिली चाळीस पानं जुळून झाली होती. तिन्ही बोटींची तुलना आणि शेवटचा निकाल मात्र अजून वहीतच होता.

दाक्षायणी हिरेमठ तिथं मुद्रितं तपासायच्या. अठरा वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून त्यांच्या नजरेला संशयाची खोडच लागली होती. शिवाय या वहीत त्यांचा स्वतःचा जीव अडकला होता. त्यांची थोरली बहीण शिवबाई या सहलीला निघाली होती आणि तिला दम्याचा विकार होता. कोंदट केबिनीत आठ दिवस म्हणजे तिच्या जिवाशी खेळ.

"अप्पा, आठवणीतून नाही सांगता येणार?"

"दोनशे नंबर, बाई. एकोणसत्तरी उलटली माझी. चुकून वाईट केबिन चांगली म्हणून सांगितली तर?"

दाक्षायणीबाईंनी पंचांग उचलून नाकाशी नेलं. हिंगाचा वास येत होता. कडेला हळदीच्या बोटांचे दोन पिवळे ठसे होते.

वही कुणी नुसती पळवली नव्हती. तिच्या जागी दुसरं काहीतरी ठेवण्याइतका वेळ त्या माणसाला मिळाला होता.

२

आळंग्यांचं घर दोन खोल्यांचं. पुढे सोपा, मागे स्वयंपाकघर. सोप्यातल्या फडताळाला कडी होती, कुलूप नव्हतं. छापखान्यात आणत तेवढा वेळ सोडला, तर वही चार महिने तिथंच पडून होती.

अप्पांना शेजारी चौकशी करायला धाडून दाक्षायणीबाई त्यांच्या बायकोपाशी, चंद्रव्वांपाशी, बसल्या. बासष्ट वर्षांची ती बाई परातीत पीठ मळत होती. डोळे वर करून बघत नव्हती.

"मावशी, वही शेवटची कधी दिसली?"

"सुक्रवारी सकाळी ह्यांनी बघितली की. मग हे सिद्धेश्वराला गेले, तितनं न्हाव्याकडं. बारा वाजले यायला."

"तेवढ्यात कोण कोण आलं?"

"धा वाजता त्यो निंगप्पा कोरे. बोटवाल्या कंपनीचा. चित्रांचा कागद घिऊन आलता. ह्यांची वाट बघत बसला, च्या पिला, गेला. मग अकराच्या सुमाराला त्यो सहलीवाला मल्लिकार्जुन."

"दोघेही सोप्यातच बसले?"

"व्हय. आत कशाला येतील? मी हितं भाकरी थापत होते."

"त्यांच्याजवळ कुणी बसलं होतं?"

"मी एकटी बाई, काय काय बगू?" चंद्रव्वांचा आवाज एकदम चढला. मग त्यांनी पिठाचा गोळा परातीत आपटला. "बाई, माजं ऐका. सभाच नगं. वही गेली तर गेली. त्या बोटीवरच्या सायबाला तार करा, येऊ नका म्हनून. हे म्हातारं मानूस. उगं चार लोकांत कशाला उभं करता?"

कोरे बूटपाटलोण घालून हिंडत असे, त्याला गल्लीतले लोक साहेबच म्हणायचे. तेव्हा दाक्षायणीबाईंनी त्या बोलण्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. त्यांचं लक्ष भिंतीतल्या खुंटीकडे होतं. या सालचं कानडी पंचांग दोऱ्याने तिथं टांगलेलं होतं. त्याखाली मिठाचं मडकं आणि हिंगाची डबी.

"मावशी, गेल्या सालचं पंचांग कुठं असायचं?"

पीठ मळणारे हात थबकले.

"हितंच कुटंतरी," चंद्रव्वा म्हणाल्या. "जुना कागद. कोन ध्येनात ठेवतंय?"

३

निंगप्पा कोरेचं ऑफिस नव्या पेठेत, एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. भिंतभर 'मलबार स्टार'चं रंगीत चित्र. पूर्वतारा कंपनीचा सोलापुरातला एजंट म्हणून त्याने पाटी लावली होती.

"आळंगेअप्पांची वही? मी तर महिनाभर त्यांच्या घराकडे फिरकलो नाही," तो म्हणाला.

"शुक्रवारी दहा वाजता तिथं चहा कोण प्यायलं मग?"

कोरेने रुमालाने कपाळ टिपलं. उठून दार लोटलं. परत येऊन बसला तेव्हा त्याचा आवाज खाली आला होता.

"बरं, गेलो होतो. त्यांना विनंती करायला गेलो होतो, बाई. आमच्या बोटीच्या खालच्या केबिनींबद्दल जरा मऊ लिहा म्हणून. म्हातारा भेटला नाही. मी आलो परत."

"फडताळ उघडलंत?"

"उघडलं," तो ओशाळून म्हणाला. "मेणकापडाचं पुडकं होतं. काय गाठ बसली होती, सुटेचना! आत भांड्याचा आवाज झाला, मी घाबरून कडी लावली. देवाशप्पथ, एवढंच."

माणूस एकदा खोटं बोलला होता, आता खरं बोलत असेलच असं नाही. पण दाक्षायणीबाईंच्या मनात एक गोष्ट टोचत होती. कोरेला हवी होती फार तर चार पानं. ती फाडून घेणं सोपं. आणि हा बुटातला माणूस आळंग्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन, चंद्रव्वांच्या डोळ्यांदेखत, हिंगाच्या डबीजवळचं पंचांग कसं आणणार?

मल्लिकार्जुन कलशेट्टी सहलीचा सगळा खटाटोप करत होता. चादरींच्या दुकानात बसून तो यादी तपासत होता. वही गेल्याचं ऐकून त्याने कपाळाला हात लावला, पण दाक्षायणीबाईंना तो हात जरा लवकरच गेल्यासारखा वाटला.

"खरं सांगू? मला थोडी धाकधूक होतीच," तो म्हणाला. "अप्पा देवमाणूस, पण एकतीस माणसांचा प्रश्न. त्यांचं लिहिणं कुणी पारखायला नको का? म्हणून मी दुसरा माणूस बोलावलाय. त्यासाठीच शुक्रवारी नवी हस्तपत्रकं वाटत फिरलो. आमच्या मेव्हण्याच्या छापखान्यात काढली."

त्याने गुलाबी कागद पुढे केला. सभेचा दिवस तोच, वेळ तीच, जागाही तीच. खाली एक ओळ नवी होती. प्रमुख पाहुणे: श्री. शरणप्पा बिराजदार, 'सिंधुकन्या' बोटीचे निवृत्त पर्सर.

"पर्सर म्हणजे?"

"बोटीवरचा मोठा कारभारी. प्रवासी, नोकर, सगळ्यांवर देखरेख. वीस वर्षं होते. मूळचे अक्कलकोटचे, आता तिथंच राहतात."

"हे पत्रक अप्पांकडे दिलंत?"

"दोन दिली की. अप्पा नव्हते. काकूंना मराठी वाचता येत नाही, म्हणून मीच वाचून दाखवलं. म्हटलं, हे साहेब अप्पांना नक्की ओळखतील, जुन्या गप्पा होतील."

"मग काकू काय म्हणाल्या?"

मल्लिकार्जुनने आठवून पाहिलं. "काहीच नाही. पाणी आणते म्हणून आत गेल्या आणि पाणी आणायचं विसरल्या."

दाक्षायणीबाई पेढीवरून उठल्या. चार महिने वही उघड्या फडताळात पडून होती, कुणी तिला हात लावला नाही. शुक्रवारी पत्रक आलं, आणि शनिवारी सकाळी वही गायब. या पत्रकात नवं होतं ते फक्त एक नाव.

म्हणजे चोराला वहीची भीती नव्हती. त्याला बिराजदारांची भीती होती. आणि जुन्या पर्सरला घाबरावं असा माणूस शुक्रवार पेठेत एकच होता.

४

छापखान्यात परत येऊन त्यांनी चाळीस पानांची मुद्रितं काढली. याआधी त्यांनी ती ऱ्हस्व-दीर्घासाठी वाचली होती. आता लिहिणाऱ्या माणसासाठी वाचू लागल्या.

'सिंधुकन्या, केबिन अठरा. इथला माणूस गाढ झोपतो. चादर मधे चुरगळते, कडा जशाच्या तशा. केबिन तीस. चादर चारी बाजूंनी ओढलेली. इंजिनाचा हादरा असणार.'

'मलबार स्टार, केबिन चाळीस ते बावन्न. उशीच्या अभ्र्यावर गंजाचे थेंब. वरची नळी गळते. कोरड्या दिवसांतही कापड दमट.'

'चाकरीत सिंधुकन्या सरस. अंगपुसणं रोज बदलतात. मलबार स्टारवर तेच पुसणं उलटं घडी घालून ठेवतात. तिसऱ्या दिवसाचा मळ लपत नाही.'

'लेडी केरन, खालचा मजला. पलंगपोसाला बुरशीचा वास. दोनदा उकळला तरी जात नाही.'

दाक्षायणीबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. मुद्रितं तपासताना शब्दावर बोट ठेवून पुढे सरकायची सवय. म्हणून एवढी मोठी गोष्ट आजवर नजरेतून निसटली होती. त्यांनी अप्पांना बोलावणं पाठवलं.

तीनच्या सुमाराला अप्पा आले. दाक्षायणीबाईंनी दार पुढे केलं.

"अप्पा, एका स्टुअर्डकडे किती केबिनी असतात?"

"दहा. फार तर बारा."

"मग तुम्हाला दोनशे केबिनी कशा ठाऊक? पहिल्या वर्गापासून खालच्या मजल्यापर्यंत?"

अप्पांची नजर मुद्रितांवर गेली.

"चाळीस पानांत एकाही प्रवाशाचा चेहरा नाही. कुणी काय मागितलं, कोण काय बोललं, एक शब्द नाही. खिडकीतून काय दिसतं ते नाही. दाराचा रंग नाही. आहेत त्या चादरी, अभ्रे, अंगपुसणी. पलंगपोस दोनदा उकळला म्हणता. स्टुअर्ड पलंगपोस उकळतो का हो?"

म्हाताऱ्याने दोन्ही हात धोतराच्या सोग्यात लपवले. ते हात बाईंनी चार महिने पाहिले होते. बोटांची टोकं गुळगुळीत, नखं पातळ आणि आत वळलेली.

"बोटीवरच्या सगळ्या केबिनींचं कापड एकाच जागी येतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्ही बोटीच्या धुलाईखान्यात होता."

रस्त्यावरून टांगा गेला. अप्पांनी हात सोग्यातून बाहेर काढून मांडीवर ठेवले.

"खाली, पाण्याच्या पातळीखाली," ते शेवटी म्हणाले. "वाफ, सोडा आणि इस्त्रीचे गरम रूळ. लग्नाच्या बोलणीत माझ्या बापाने सांगितलं, पोरगं बोटीवर स्टुअर्ड आहे. सासरे मंगळवेढ्याचे व्यापारी, नावाजलेलं घर. परक्यांच्या मळक्या चादरी धुणाऱ्याला त्यांनी मुलगी दिली असती? एकदा बोललं ते बोललं. चाळीस वर्षं झाली."

"म्हणून बिराजदारसाहेब उद्या येणार कळल्यावर तुम्हीच वही लपवलीत."

"कोण बिराजदार?"

दाक्षायणीबाईंनी गुलाबी कागद पुढे केला. अप्पांनी तो वाचला. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला, कागद हातातून सुटला, आणि तो उचलायलाही ते वाकले नाहीत.

"हे येणार? उद्या?" ते पुटपुटले. "बाई, मला कुणी सांगितलं नाही. मी हा कागद आत्ता बघतोय."

असला धक्का कुणाला सोंगात आणता येत नाही. दाक्षायणीबाईंचा सगळा हिशेब कोसळला. पण त्यांना अपराधी वाटायच्या आत मल्लिकार्जुनचे शब्द आठवले. पत्रकं दोन दिली होती. ती अप्पांपर्यंत पोचलीच नव्हती.

"बाई," अप्पा हात जोडत होते, "काय वाटेल ते करा. चंद्रव्वाला यातलं कळता कामा नये."

५

रविवारी सकाळी अप्पा देवळात गेल्याचं पाहून दाक्षायणीबाई त्यांच्या घरी गेल्या. रात्रभर त्यांना झोप नव्हती. दुसऱ्याच्या संसारात शिरून गाठी सोडायचा आपल्याला काय अधिकार, हा प्रश्न होता. आणि शिवबाईचा घरघरणारा श्वास भिंतीपलीकडून ऐकू येत होता.

"मावशी, वही द्या," त्या उंबऱ्यातच म्हणाल्या.

चंद्रव्वा चुलीसमोरून उठल्या नाहीत.

"काल तुम्ही म्हणालात, बोटीवरच्या साहेबाला तार करा. मला वाटलं, कोरे. पण तो राहतो नव्या पेठेत, त्याला तार कशाला? तार करावी लागते ती बाहेरगावी. पाहुणे येणार हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं. या घरात तुम्हाला एकटीला माहीत होतं. मल्लिकार्जुनने पत्रक वाचून दाखवलं होतं. ती दोन पत्रकं तुम्ही अप्पांना दिली नाहीत. कोरेला शुक्रवारी जी गाठ सुटली नाही, ती वही बदलून पुन्हा तशीच बांधायला या घरचेच हात हवेत. आणि पंचांग तुमच्या हिंगाच्या डबीजवळचं."

चंद्रव्वांनी जोंधळ्याचा डबा ओढला, कोपरापर्यंत हात घातला आणि वही बाहेर काढली. पदराने तिच्यावरचे दाणे झटकले.

"जाळनार न्हवते," त्या म्हणाल्या. "सभा मोडली की परत ठेवनार होते."

"का केलंत, मावशी?"

"त्यो साएब चार लोकांत म्हनाला असता, ह्यो तर आमचा धोबी. मग ह्यांनी तोंड कुटं लपवायचं? गल्ली मानती ह्यांना."

दाक्षायणीबाई चपापल्या. "तुम्हाला ठाऊक होतं?"

चंद्रव्वांना हसू आलं, पण ते धड हसू नव्हतं.

"लगीन झाल्यावर पयल्या रजेला आले तवाच. बोटांची सालटं निगालेली. ताटं उचलून कुनाची बोटं अशी हुत्यात व्हय? मी तापानं पडले तर ह्यांनी माजं लुगडं धुतलं. दगडावर न आपटता, नुसतं दाबून पिळून, आनि वाळल्यावर अशी घडी घातली की मी बघतच ऱ्हायले. दुकानातनं आनल्यागत. मला तवाच कळलं."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"ह्यांना वाटत हुतं मला ठावं न्हाय. त्यात ह्यांना बरं वाटत हुतं. मग म्या कशाला बोलू?"

दाराशी सावली हलली. अप्पा देवळातून कधीच परतले होते. हातातला प्रसाद तसाच, अंगरख्यावर अंगाऱ्याची बोटं उमटलेली. दाक्षायणीबाई झटकन उभ्या राहिल्या.

"पहिल्या रजेला?" अप्पांनी विचारलं. "तेव्हापासून?"

चंद्रव्वांनी मान खाली घातली. "व्हय."

"आणि मी तुला चाळीस वर्षं साहेबांच्या गोष्टी सांगत बसलो."

"चांगल्या सांगत हुता," चंद्रव्वा म्हणाल्या.

दाक्षायणीबाई काही न बोलता बाहेर पडल्या. चपला घालताना त्यांना एवढंच दिसलं की अप्पा चुलीजवळ जमिनीवर बसले आहेत आणि वही दोघांच्या मधे पडली आहे. ती चार वाजता हॉलात येईल की नाही, हे आता त्यांच्या हातात नव्हतं.

६

चार वाजून दहा मिनिटं झाली तरी अप्पांचा पत्ता नव्हता. हॉल भरला होता. शिवबाई पहिल्या रांगेत पदराने वारा घेत होती. निंगप्पा कोरे रंगीत पत्रकं वाटत फिरत होता आणि दाक्षायणीबाईंची नजर टाळत होता. व्यासपीठावर बिराजदार बसले होते. उंच, ताठ, पांढऱ्या मिशांचे. मल्लिकार्जुन सारखा दाराकडे बघत होता.

अप्पा आले ते चंद्रव्वांसह. एरवी त्या चार पावलं मागे चालायच्या. आज शेजारून चालत होत्या. वही त्यांच्याच हातात होती.

बिराजदारांनी चष्मा वर केला, पुढे झुकले. "अरे! तू तर..."

"होय साहेब," अप्पा व्यासपीठाखालीच थांबून म्हणाले. मग लोकांकडे वळले. "मंडळी, आधी एक सांगतो. मी स्टुअर्ड नव्हतो. सव्वीस वर्षं मी बोटींच्या धुलाईखान्यात चादरी धुतल्या. प्रवाशाच्या केबिनीत मी कधी पाय ठेवला नाही."

हॉलात कुजबूज उठली. मागच्या बाजूला कुणीतरी हसलं. कोरे लगेच पुढे सरसावला.

"मग ह्यांना केबिनींचं काय कळणार? चार महिने सगळ्यांना फसवलं की! आता आमची पत्रकं बघा."

दाक्षायणीबाईंना उठून बोलावंसं वाटलं, पण बिराजदारांनी हात वर केला.

"मी बोलतो," ते म्हणाले. "वीस वर्षं प्रवाशांची तक्रारवही माझ्याकडे होती. लोक जाताना शेरा लिहायचे, उत्तम सोय, आभारी आहोत. भिडेपोटी लिहायचे. केबिन खरी कशी आहे हे कळायला मी दर फेरीला खाली उतरायचो, धुलाईखान्यात. ह्या माणसाला विचारायचो, बत्तीस नंबर कसा आहे? तो चादर बघून सांगायचा, नळी गळतेय. गळतच असायची." समोर ठेवलेल्या मुद्रितांवर बोट ठेवून ते कोरेकडे वळले. "मलबार स्टारच्या चाळीस ते बावन्नच्या नळ्या बदलल्या का हो तुमच्या कंपनीने?"

कोरेने पत्रकांचा गठ्ठा छातीशी धरला. "चौकशी करून सांगतो," तो म्हणाला, आणि हॉलाला उत्तर मिळालं.

मग अप्पांनी वाचायला सुरुवात केली. पहिली दोन पानं ओळीवर बोट ठेवून वाचली. पुढे बोटाची गरज उरली नाही. कुठल्या बोटीत माणूस झोपतो आणि कुठं कूस बदलत रात्र काढतो. कुठं पाहुण्याला रोज धुतलेली चादर मिळते आणि कुठं फक्त वरची घडी बदलते. कुठलं कापड कोरडं येतं, कुठलं बुरशीचं. मगाशी हसलेला माणूसही आता खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होता. एका आजोबांनी जिन्याजवळच्या केबिनींबद्दल विचारलं, अप्पांनी पान काढून सांगितलं. लेडी केरन पहिल्या अर्ध्या तासातच बाद झाली. मलबार स्टारच्या वरच्या केबिनी चांगल्या, पण सगळ्यांना पुरणाऱ्या नव्हत्या.

"आमच्या शिवबाईंना दमा आहे," दाक्षायणीबाईंनी शेवटी विचारलं. त्यांचा स्वर त्यांनाच अनोळखी वाटला. "त्यांच्यासाठी?"

"सिंधुकन्या, वरचा मजला, अठरा," अप्पा पानाकडे न बघता म्हणाले. "तिथला अभ्रा मी सात वर्षं धुतला. एकदाही दमट आला नाही."

हात वर झाले. सिंधुकन्या ठरली. मल्लिकार्जुनने टेबल ओढलं आणि नावांसमोर केबिनी लिहायला घेतल्या. बिराजदार खाली उतरून अप्पांच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. दोघं कुठल्याशा वादळाबद्दल बोलत होते.

दाक्षायणीबाई चंद्रव्वांजवळ गेल्या. "मावशी, माझं चुकलं का?"

चंद्रव्वा गर्दीतून वाट काढत सरळ मल्लिकार्जुनच्या टेबलापाशी गेल्या.

"आमची दोन नावं घाल रं बाबा."

अप्पा चमकून वळले. "आपली? अगं, सव्वीस वर्षं काढली मी बोटीवर. आता कशाला?"

"तुमी बोटीच्या पोटात काढली," चंद्रव्वा म्हणाल्या. "वरनं समुद्र कसा दिसतो ते तुमाला तरी कुटं ठावं हाय?"

बिराजदार मोठ्याने हसले. अप्पांना मात्र हसता येईना. त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले, तेही सगळ्यांसमोर.

मल्लिकार्जुनने लेखणी शाईत बुडवली. "अप्पा, मग कितवी केबिन लिहू? तुमच्याइतकं कुणाला कळतंय?"

"मला काय विचारतोस?" अप्पा म्हणाले. "तिला विचार."